आपा, तू धुऱ्यावर का गेलीस?

आपा, फावड्याचा घाव तुझ्या डोक्यावर बसला तेव्हा मोठा आवाज झाला नाही. ओल्या मातीत काहीतरी पडावं, तेवढाच झाला. हे आधीच सांगून टाकते, कारण तेव्हापासून लोक मला हेच विचारतात. स्टाफरूममध्ये विचारतात, एसटीत शेजारी बसलेली बाई विचारते. कसं झालं, ओरडली का ती? मी सांगते, आणि ऐकणाऱ्याचा चेहरा जरा पडतो. त्याला मोठा आवाज हवा असतो.

पेपरात आलं, ‘दोन भावांच्या भांडणात प्राध्यापिकेचा बळी’. खाली तुझा ओळखपत्रावरचा फोटो, शिक्षण, नोकरी, मागे कोण. सगळं बरोबर होतं आणि त्यात तू कुठंच नव्हतीस. तुझा चाळिसावा अजून व्हायचा आहे. तुझ्या अम्मी म्हणतात, तोवर माणूस घराच्या आसपासच असतो. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, हे तुला माहीत आहे. तरी बोलून घेते. ऐकत असशील तर मधे पडू नकोस. जन्मभर तेच केलंस.

तू मला पहिल्यांदा दिसलीस तीच एका पोराला मारताना. मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवायला नुकतीच आले होते. सायकल स्टँडपाशी दुसऱ्या वर्षाच्या एका मुलानं एका मुलीची वेणी मुठीला गुंडाळली होती आणि तो तिचं डोकं भिंतीवर आपटत होता. भोवती पोरं उभी होती, कोणी हलत नव्हतं. मीही जिन्यात थिजले होते. भूगोलाच्या लॅबमधून तू बाहेर आलीस, हातात मोजणीचा तो लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा दांडा. एक शब्द न बोलता तू तो त्याच्या नडगीवर हाणलास. पोरगा कोसळला. मुलीला मागे ओढून तू त्याच्यावर वाकलीस. "पुन्हा हात लावशील तिले? बोल बे!"

मग त्याचा पाय सोललेला बघून तूच ओढणीनं बांधलास.

मी तणतणत तुझ्यापुढं आले. "मॅडम, मारून मार थांबतो का कधी?"

"आज तं थांबला ना," तू म्हणालीस. "उद्याचं तू पाह्य. सायकॉलॉजीवाली हायेस ना?"

तिथून आपलं भांडण सुरू झालं, आपा, आणि संपलं नाही. आता माझ्या एकटीच्या अंगावर आलं आहे.

तू रोहिणखेडची, मी वडनेर भोलजीची. दोघी घाटाखालच्याच. पण पुण्याला एम. ए. करताना मी माझं ‘मले-तुले’ गिळून टाकलं होतं. तू काहीच गिळलं नाहीस. तिकडच्या एका परिषदेत तू बोलायला उभी राहिलीस आणि पहिल्याच वाक्याला मागच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. तू थांबलीस, चष्मा पुसलास आणि म्हणालीस, "हसून घ्या. झालं की मंग नाल्याकडं वळू." त्यानंतर तू नाल्याबद्दल अशी काही बोललीस, की चहाची वेळ उलटून गेली तरी कोणी उठलं नाही. परतताना बसमध्ये मी तुला पहिल्यांदा आपा म्हटलं. तू खिडकीबाहेर बघत राहिलीस. पण ऐकलं होतंस, कारण त्या दिवसापासून मी तुझ्यासाठी वंदना मॅडमची ‘वंदे’ झाले.

आपलं संशोधन सुरू झालं तुझ्या चिडचिडीतून. नाल्याला मोठा पूर गेला की ठरावीक गावांतली पोरं वर्गातून गायब व्हायची. बाकं रिकामी, विशेषतः मुलींची. आधी तुला वाटलं रस्ते वाहून जातात म्हणून. मग तू त्यांच्या घरी गेलीस. रस्ते धड होते. एका मुलीचा बाप जेलात होता. दुसरीच्या आईचा हात दिरानं मोडला होता. तिसरीचं घाईघाईनं लग्न उरकलं होतं, कारण केस चालू असताना घरात तरणी पोर नको. या सगळ्या घरांची वावरं नाल्याच्या काठाला होती.

तू लॅबमधून तडक माझ्याकडे आलीस, पायांना चिखल तसाच. "वंदे, नाला वावरं तोडते अन् मंग माणसं एकमेकाले तोडतात. हे ना माह्या एकटीचं काम हाये, ना तुह्या एकटीचं."

तू मला नाला वाचायला शिकवलंस. वळणावर पाणी बाहेरचा काठ खातं आणि आतल्या काठावर गाळ टाकतं. एकाचं जातं, समोरच्याला मिळतं, आणि दोघांच्या मधला धुरा, म्हणजे बांध, एका दुपारीत नाहीसा होतो. घाटावरून येणारं पाणी फार उतारानं येतं, त्याला वळायची सवय नाही, असं तू सांगायचीस. काठावर तू लोखंडी खुंट्या ठोकायचीस, पुरानंतर किती माती गेली ते मोजायला. मी ओट्यांवर बसून माणसांशी बोलायचे. राग येतो तेव्हा काय होतं, कुठं येतो, आधी कोणाला दिसतो. बायका सगळ्यात नेमकं सांगायच्या. एक नवऱ्याबद्दल म्हणाली, "आमच्या यायचा राग आधी बैलाले कळते, मंग मले."

आपलं भांडण एकच होतं. राग जमिनीत असतो की माणसात?

मी माणसात म्हणायचे. एकदा तू फारच ताणलंस तेव्हा मी माझ्या बापाचं सांगितलं. वडनेरला आमची काळी कसदार जमीन, विहिरीला बारमाही पाणी, धुऱ्याला कोणी कधी हात लावला नाही. तरी बाप आईला बैलाच्या कासऱ्यानं मारायचा. एका उन्हाळ्यात त्यानं तिच्या कानशिलात अशी दिली की कानातून रक्त आलं, आणि मग तो जेवायला बसला आणि वरणात मीठ कमी आहे म्हणाला. तिनं मीठ आणून वाढलं. "त्याचा धुरा कोणी सरकवला होता, आपा?" मी विचारलं.

मग तुझ्या अब्बांचं सांगितलंस. अब्बा आणि चाचा एका ताटात जेवायचे. नाला फिरला, चाचाचं वावर अर्ध्यावर आलं, आणि एका सकाळी चाचानं सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घालून अब्बांचा डावा हात मोडला. नमाजाला हात कानापर्यंत न्यायचे, तर अब्बांचा डावा खांद्याशीच थांबायचा. "चाचा वाईट नव्हते वं," तू म्हणालीस. "ईदले मले खांद्यावर बसवून फिरवायचे ते. तेच हात."

त्या दिवशी मला कळलं, आपण दोघी आपापला बाप बरोबर घेऊन या कामात उतरलो होतो. त्यानंतरही आपण भांडलो, पण जरा जपून.

ज्या गावात तुझा जीव गेला त्याचं नाव मी लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक गावाला शिव्या देतात आणि आपल्या गावी निवांत झोपतात. तिथली पल्लवी तुझी तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, तुझी लाडकी. नाल्यात उतरताना सगळ्यांच्या आधी तिचे पाय पाण्यात असायचे. तिचे वडील एकनाथभाऊ. किती वेळा त्यांच्या ओसरीवर आपण चहा प्यायलो! त्यांच्या वावराला लागून धाकटा भाऊ रामेश्वरचं वावर, मधे धुरा, धुऱ्यावर एक बोरीचं झाड. दोघं भाऊ त्या बोरीखाली बसून विडी ओढताना आपण पाहिलेत.

मी एकनाथभाऊंना माझे प्रश्न विचारले तेव्हा ते लाजून हसले. "मले राग येतच नाही, मॅडम. आला तं मी वावरात जातो अन् ढेकळं फोडतो."

परतताना मी तुला म्हटलं, "बघ. राग सांभाळता येणारा माणूस असा असतो."

"त्याचं वावर अजून जाग्यावर हाये, वंदे," तू म्हणालीस. "हाललं की मंग बोलू."

मला तेव्हा तुझा फार राग आला होता. आपलंच बरोबर ठरावं अशी तुला घाई असायची ना, त्याचा.

यंदा पावसाळा सरता सरता, सोयाबीनच्या शेंगा भरल्या असताना, घाटमाथ्यावर ढग फुटल्यासारखा पाऊस पडला. नाला तांबडा होऊन आला. बाभळी मुळांसकट आल्या, बुडालेल्या शेळ्या आल्या. त्यानं आपलं वळण सोडलं, रामेश्वरचं वावर मधोमध चिरलं आणि तिथली माती एकनाथभाऊंच्या बाजूला नेऊन टाकली. धुरा गेला, बोर गेली. पाणी उतरल्यावर रामेश्वरनं त्या नव्या गाळात खुंट रोवले, ही माती माझ्या वावरातली आहे म्हणून. एकनाथभाऊंनी ते उपटून नाल्यात फेकले.

पल्लवीचा तुला फोन आला. "मॅडम, तुम्ही येऊन राह्यल्या का मोजणीले? बाबा कालपासून जेवले नाही. नुसते फावडं घासून राह्यले."

मी म्हटलं, पोलीस पाटलाला सांगू, आपण जायला नको. तू बूट चढवत होतीस. "नाला ताजा हाये, मोजून घेऊ. अन् पोरीले पाहून येऊ. तुले नाही यायचं तं नको येऊ."

मी आले. मी नेहमीच आले, आपा.

आपण पोचलो तेव्हा ऊन लख्ख पडलं होतं. गाळाला वास येत होता. एकनाथभाऊ नव्या गाळात धुरा घालत होते, आपल्या सोयीनं, पाण्याच्या अगदी कडेनं. पल्लवी काठावर उभी होती. आपल्याला बघून ती धावत आली आणि तेवढ्यात पलीकडून रामेश्वर काठी घेऊन आला. त्यानं शिवीसुद्धा दिली नाही. त्यानं पहिलीच काठी भावाच्या कानावर घातली. कानाची पाळी फाटली, मानेवरून रक्त सदऱ्यात उतरलं.

एकनाथभाऊ वळले. इतके महिने मी ज्या माणसाशी रागावर बोलत होते, तो त्या चेहऱ्यात नव्हता. त्यांनी फावडं दोन्ही हातांनी आडवं फिरवलं. काठी मोडली आणि काठी धरलेली बोटंही. रामेश्वरनं हात समोर धरून पाहिला, दोन बोटं नुसत्या कातड्यावर लोंबत होती. तो गुडघ्यांवर बसला, पोरासारखा हात छातीशी घेऊन. एकनाथभाऊंनी फावडं डोक्यावर नेलं.

"दादा!" एवढंच रामेश्वर म्हणाला.

तुझा कोपर माझ्या मुठीत होता, आपा. मी घट्ट धरला होता. तू असा हिसडा दिलास की माझं नख उलटलं. अजून काळं आहे. गाळात तुझे बूट फसत होते तरी तू धावलीस, हातात मोजणीची टेप, टेप मागे उलगडत चाललेली. "एकनाथभाऊ, थांबा! भाऊ हाये तुमचा, थांबा!" तू रामेश्वरच्या पुढं दोन्ही हात पसरून उभी राहिलीस. फावडं खाली यायला निघालं होतं. ते थांबवणं एकनाथभाऊंच्याही हातात राहिलं नव्हतं, असं मी पोलिसांना सांगितलं. ते खरं आहे का, मला माहीत नाही.

तू उभ्या उभ्या खाली बसलीस. मग कलंडलीस.

आता सांगते ते तुला कोणी सांगितलं नसेल. एकनाथभाऊंच्या हातातून फावडं गळून पडलं आणि ते मी उचललं. त्याचा दांडा त्यांच्या हातांनी गरम झालेला होता. ते तुझ्याकडे बघत खाली बसले होते, मान वाकवून, अगदी मारायला सोयीची. मी फावडं उचलून धरलं. मला तो माणूस जिवंत नको होता. मला हाड मोडल्याचा आवाज ऐकायचा होता. पल्लवी माझ्या दंडांना लोंबकळली. "मॅडम, नका! मॅडम, आधी शबाना मॅडमले पाहा! त्या पाहून राह्यल्या, त्या जित्त्या हायेत!"

ती लोंबकळली नसती तर मी मारलं असतं. तिथं माझ्या नावावर एक ढेकूळ नव्हतं, आपा. नाल्यानं माझं काही नेलं नव्हतं. म्हणजे मी जिंकले, नाही का? राग माणसात असतो. वडनेरच्या माझ्या बापाचा अख्खा हात माझ्या दंडात होता. हे सिद्ध झालेलं तुला सांगायचं होतं, आणि तू माझ्या पायाशी डोकं फुटून पडली होतीस.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आपण सडकेपर्यंत आलो. तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं, पल्लवीची ओढणी बांधलेली. रक्त थांबत नव्हतं. रामेश्वर पलीकडं बसून रडत होता. तू डोळे उघडलेस आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणालीस, "वंदे, माहा बूट?" एक बूट गाळातच राहिला होता. मी म्हटलं, आहे, आपा, पायातच आहे. "मंग बरं," तू म्हणालीस. सडकेवर जीप मिळाली. बुलढाण्याच्या घाटात एका वळणावर तुला उलटी झाली आणि त्यानंतर तू बोलली नाहीस. दवाखान्यात दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर बाहेर आले, तेव्हा त्यांचं तोंड बघून तुझा भाऊ, युसूफभाई, मटकन फरशीवर बसला.

अम्मींनी मला विचारलं, शेवटी काय म्हणाली? मी सांगितलं, अल्लाचं नाव घेतलं. त्यांनी माझे हात डोळ्यांना लावले. आपा, तू बूट मागितलास हे मी आज पहिल्यांदा कोणाला सांगते आहे, आणि ते तुलाच.

रोहिणखेडला तुला न्हाऊ घालताना मी दाराशी होते. तुझ्या चुलत बहिणी डोक्याजवळ आल्या की पाणी फार हळू घालत होत्या, जणू तुला दुखेल. बाहेर गर्दी वाढत होती. बाहेरगावची पोरं मोटरसायकलवरून आली होती, ज्यांनी तुला कधी पाहिलंही नव्हतं. कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, "त्यांनी आपल्या बाईले मारलं." ‘त्यांनी’ या शब्दावर गर्दी कशी जवळ सरकली, ते मी खिडकीतून पाहिलं. जुन्या मशिदीपलीकडच्या चौकात दुसऱ्या बाजूचीही पोरं जमल्याची बातमी आली. मला वाटलं, आता तुझ्या नावावर गाव पेटणार.

तुझा भाऊ वेल्डिंगच्या दुकानातला माणूस, चार वाक्यं एका दिवसात बोलत नाही. तो बाहेर आला. ओट्याला टेकवलेली लोखंडी सळई त्यानं हातात घेतली. "कोन बोललं?" त्यानं विचारलं. कोणी पुढं आलं नाही. "ऐका. धुऱ्याचं भांडण होतं. दोन भावांचं. माही बहीण मधी गेली अन् मेली. यात ‘ते’ अन् ‘आपन’ नाही. माह्या बहिणीच्या मय्यतीत ज्याच्या तोंडून नारा निघंल, त्याचं डोकं मी इथंच फोडीन. मंग खुशाल म्हना, त्यांनी मारलं."

तोही मारणार होता, आपा, ते सगळ्यांना दिसलं, आणि म्हणूनच पोरं मागे सरली. मारून मार थांबतो का, मी तुला विचारलं होतं. त्या दिवशी एका सळईनं थांबला. पण सळई खाली ठेवल्यावर युसूफभाई कोपऱ्यात जाऊन ओकला. त्यानंतर दोन्ही बाजूंच्या माणसांनी तुझा जनाजा खांद्यावर घेतला. मी बायकांत बसून होते. गल्लीच्या वळणावर तो दिसेनासा झाला आणि अम्मी म्हणाल्या, "चाल तं पाह्य, पोरगी पायीच निघाल्यासारखी लगबगीनं चालली."

पल्लवीचं सांगायचं राहिलं. तिनं पाहिलं ते सांगू नये म्हणून तिची आई कॉलेजच्या फाटकात माझ्या पायांवर पडली. "पोरीले सांगा वो मॅडम, काही पाह्यलं नाही म्हन म्हना. नवरा जेलात, दीर अपंग. घर बसलं आमचं." मी काय सांगणार होते? मी स्वतःच साक्षीदार. मामांनी पल्लवीला कोंडून मारलं. जबाबाला ती आली तेव्हा तिचा एक डोळा सुजून मिटला होता. तरी तिनं सगळं सांगितलं, बापानं फावडं उचललं, काकानं आधी काठी घातली, मॅडम मधे आल्या. माझ्या हातातल्या फावड्याचं मात्र ती बोलली नाही. ते मी माझ्या जबाबात सांगितलं. लिहिणाऱ्या पोलिसानं क्षणभर वर पाहिलं आणि पुन्हा लिहायला लागला.

बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, "तुला भीती नाही वाटली?"

"वाटली ना," ती म्हणाली. "पण मी खोटं बोलली असती तं बाबा सुटले असते अन् राम्याकाकांनी त्याइले मारलं असतं. आता निदान जित्ते तं राह्यतीन."

तुझ्या विद्यार्थिनीनं हिशेब असा मांडला, आपा. माझ्या कुठल्या पुस्तकात तो नाही. आता ती मुलींच्या वसतिगृहात राहते. झोपेत ओरडते, म्हणून मी तिला रोज संध्याकाळी भेटते. आम्ही मैदानाला चक्कर मारतो.

मी तुझ्यावर चिडले आहे. कोणाला सांगता येत नाही, म्हणून तुलाच सांगते. तुला काय गरज होती? रामेश्वरला वाचवायची जबाबदारी तुझ्या पगारात नव्हती. तू थांबली असतीस तर एक भाऊ मेला असता, दुसरा जेलात गेला असता, आणि आज तू माझ्यासमोर बसून ‘मी म्हटलं होतं ना, वावर हाललं की बोलू’ असं म्हणाली असतीस. मी ते आनंदानं ऐकून घेतलं असतं. हे किती वाईट वाक्य आहे ते मला कळतं. आणि तरी स्वयंपाक करताना, वर्गात फळा पुसताना मला पहिल्यांदा हेच सुचतं, की त्याला मरू द्यायचं होतंस.

मग सायकल स्टँडमधली ती मुलगी आठवते, जिचं डोकं भिंतीवर आपटलं जात होतं. तेव्हा मी जिन्यात थिजले होते आणि तू विचार न करता धावली होतीस. तू धावणारीच होतीस. म्हणूनच तर मी तुझ्यामागे इतकी वर्षं फिरले, उन्हातान्हात, गाळात, न कळणाऱ्या नाल्यांमधून. जिच्यामुळे मी जिना उतरायला शिकले, तिला ‘थांब’ म्हणायचा हक्क मला कुठून येणार?

आपलं संशोधन अर्धं पडलं आहे. तुझ्या खुंट्या गाळाखाली गेल्या. माझ्याकडे माणसांचं बोलणं आहे, पण शेवट लिहायला बसले की हात चालत नाही. राग जमिनीत असतो असं लिहिलं तर एकनाथभाऊ सुटतात. माणसात असतो असं लिहिलं तर नाला सुटतो. तू असतीस तर म्हणाली असतीस, दोन्ही लिही अन् भांडू दे वाचणाऱ्याले.

परवा एकनाथभाऊंना कोर्टात आणलं होतं. पल्लवीला एकटीनं जाववेना म्हणून मी बरोबर गेले. आत जाताना मी ठरवलं होतं, त्यांच्याकडे बघायचं नाही. व्हरांड्यात पोलिसांच्या मधे ते उकिडवे बसले होते. फाटलेला कान वेडावाकडा भरून आला होता. मला बघताच ते उठले, पोलिसानं खांदा दाबला तर तसेच अर्धे वाकून उभे राहिले.

"मॅडम, राम्या जगला ना?" त्यांनी विचारलं.

ज्याला ठार मारायला त्यांनी फावडं उचललं, त्याची पहिली चौकशी. "जगला," मी म्हटलं.

त्यांनी भिंतीला पाठ लावली आणि ते मोठ्यानं रडायला लागले. व्हरांड्यातले वकील थांबून पाहू लागले. "बरं झालं," ते म्हणत होते, "बरं झालं, बरं झालं."

"माझी आपा मेली, एकनाथभाऊ," मी म्हटलं. माझा हात पुन्हा वर गेला होता. मी तो दुसऱ्या हातानं धरून ठेवला.

"हाव," ते म्हणाले. रडणं थांबलं. त्यानंतर त्यांना माझ्याकडे बघवलं नाही. ते पल्लवीकडे वळले. तिच्या डोळ्याखाली अजून पिवळट डाग होता. तो कशाचा, हे त्यांनी विचारलं नाही. बहुतेक कळलं असावं.

"कॉलेजले जातं ना?"

"हाव, बाबा."

आतून कोणीतरी त्यांचं नाव पुकारलं. पोलिसानं दंडाला धरून त्यांना आत नेलं, तेव्हा चालता चालता त्यांनी मान वळवून विचारलं, अगदी ओसरीवर चहा देताना विचारायचे तसं.

"मंग आता मॅडमच्या जागी कोन शिकवते तुमाले?"

"कोनीच नाही, बाबा," पल्लवी म्हणाली.